सरकारी योजनेतलं गृहकर्ज आणि पहिलं घर: स्वतःचे किती पैसे लागतात, हप्ता किती झेपतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, दोघांचा मिळून हातात महिना 60 हजार पगार येतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 30 लाखांचा फ्लॅट पाहिलाय. शिल्लक 4 लाख. भाडं 12 हजार, दुचाकीचा हप्ता साडेतीन हजार. एजंट म्हणतो, "पीएम आवासमध्ये बसवून देतो, डाउन पेमेंटची गरजच नाही." हे खरं का, आणि हप्ता झेपेल का?

आधी सरळ उत्तर देतो. डाउन पेमेंटशिवाय हे घर होणार नाही. बँकेच्या गणितात हप्ता बसतो, पण स्वतःच्या खिशातून 4 नव्हे, साधारण पावणेनऊ लाख काढावे लागतील. गृहकर्जाच्या फायली हाताळताना मला एकच गैरसमज सगळ्यात जास्त भेटतो, तो म्हणजे सरकारी योजना असली की सुरुवातीची रक्कम कमी होते. तसं होत नाही. योजनेचे पैसे घर घेतल्यानंतर येतात, आणि ते तुमच्या हातात न येता कर्जखात्यात जमा होतात.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 ही 1 सप्टेंबर 2024 पासून लागू आहे. तिच्या व्याज अनुदान भागात तुमच्यासारखी कुटुंबं येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प उत्पन्न गट, 6 लाखांपर्यंत अल्प, 9 लाखांपर्यंत मध्यम. घराची किंमत 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र 120 चौरस मीटरपर्यंत असावं लागतं. अनुदान कर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर, 4 टक्के दराने, जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीसाठी मोजतात. त्याची कमाल रक्कम 1 लाख 80 हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला 36 हजार, महिन्याच्या हिशेबात 3 हजार. मदत खरी आहे आणि सोडू नये अशीच आहे. पण बिल्डरला द्यायच्या पहिल्या चेकच्या दिवशी यातला एक रुपयाही उपलब्ध नसतो. बँकही तुमची पात्रता पूर्ण हप्त्यावर काढते, अनुदान वजा करून काढत नाही.

2022 पूर्वी घर घेतलेल्या कुणी नातेवाइकांनी तुम्हाला "2 लाख 67 हजार एकदम जमा झाले" असं सांगितलं असेल, तर ते जुन्या योजनेबद्दल आहे. ती अल्प उत्पन्न गटांसाठी मार्च 2022 ला संपली. तो आकडा आता डोक्यातून काढून टाका.

आता स्वतःच्या हिश्शाकडे येऊ. बँका याला मार्जिन मनी म्हणतात आणि तो भरल्याची बिल्डरची पावती मागतात. फाइलवर तिला ओसीआर म्हणतात. किती टक्के कर्ज द्यायचं याची वरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांमध्ये 80 टक्के, त्यावर 75 टक्के. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. तुमचं उत्पन्न, क्रेडिट स्कोअर किंवा इमारत पाहून बँक 80 टक्क्यांवरही थांबू शकते.

याच नियमातली दुसरी अट बहुतेकांना कागदपत्रांच्या दिवशी कळते. किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरता येत नाही. फक्त 10 लाखांपर्यंतच्या घराला यातून सूट आहे. म्हणजे हे खर्च संपूर्ण तुमच्या खिशातून. आणि "किंमत" म्हणजे करारातली रक्कम किंवा बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेलं मूल्य, यातलं जे कमी असेल ते. नव्या प्रकल्पात सहसा फरक पडत नाही. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात मात्र व्हॅल्युअरने 2 लाख कमी लावले की कर्ज तेवढ्या प्रमाणात खाली येतं आणि फरक तुम्हाला उभा करावा लागतो. विकणाऱ्याने काही रक्कम रोखीत मागितली तर तीही कर्जाच्या बाहेरच राहते. ती द्यायची नाही याची आणखी बरीच कारणं आहेत.

तुमच्या 30 लाखांच्या घरावर 90 टक्क्यांनी 27 लाख होतात, पण योजनेत राहायचं तर कर्ज 25 लाखांवर जाऊ शकत नाही. म्हणून 5 लाख इथेच लागले. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30 हजार, ती पूर्ण लागेल. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी. फ्लॅट परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल (महानगरांबाहेर 90 चौरस मीटर चटई क्षेत्र आणि 45 लाखांपर्यंत किंमत) तर 1 टक्का, म्हणजे 30 हजार. इथपर्यंत 7 लाख 70 हजार झाले. मग बँकेची प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना). यासाठी 30 हजार धरा. शेवटी ताबा घेताना बिल्डर एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, सोसायटी स्थापनेचा खर्च, वीजमीटर वगैरे मागतो. पाऊण ते एक लाख सहज जातात. पावणेनऊ लाख असे होतात, आणि यात एक पंखासुद्धा धरलेला नाही.

मुद्रांक शुल्कात एक बचत आहे. महाराष्ट्रात खरेदीदार फक्त महिला असेल तर 1 टक्का सवलत मिळते, तुमच्या व्यवहारात 30 हजार रुपये. नवऱ्याचं नाव करारात सहखरेदीदार म्हणून घातलं की सवलत जाते. घर फक्त पत्नीच्या नावावर आणि कर्जाला दोघं अर्जदार, असं बहुतेक बँकांत चालतं, कारण कर्जाला उत्पन्न जोडायला मालक असावंच लागत नाही. उलट बाजूने मात्र बँक हट्ट धरते: जो मालक आहे, त्याने कर्जाला सही केलीच पाहिजे. आवास योजनेतही घर महिलेच्या नावावर किंवा संयुक्त नावावर असण्यावर भर आहे, म्हणून ही रचना दोन्हीकडे बसते. नवऱ्याची व्याजावरची करसवलत जाईल म्हणून काही सल्लागार याला विरोध करतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, आणि 12 लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर करच येत नाही. तुमच्या उत्पन्नात ही चिंता करू नका. मालकी कुणाची असावी हा मात्र तुम्हा दोघांनी मोकळेपणाने बोलून ठरवायचा विषय आहे, फक्त 30 हजारांसाठी ठरवू नका.

एजंटच्या शब्दाकडे आता बघू, कारण शून्य डाउन पेमेंट नेमकं कसं जमवतात हे माहीत असलेलं बरं. 30 लाखांच्या फ्लॅटचा करार 33-34 लाखांचा दाखवायचा. त्यावर 90 टक्के काढले की जवळजवळ 30 लाख कर्ज निघतं. तुम्ही न भरलेल्या हिश्शाची ओसीआर बिल्डर "मॅनेज" करून देतो. ही बँकेची फसवणूक आहे, आणि सही तुमची असते, एजंटची नसते. जास्तीच्या रकमेवर मुद्रांक शुल्कही तुम्हीच भरता. शिवाय कर्ज 25 लाखांच्या वर गेलं की व्याज अनुदानाची पात्रताच संपते. म्हणजे तो तुम्हाला एका वाक्यात दोन गोष्टी देतोय, ज्या एकत्र मिळूच शकत नाहीत. त्याला एवढंच विचारा: कर्जाची रक्कम किती आणि कराराची रक्कम किती, हे लिहून द्या.

"सरकारची हमी आहे, बँक नाही म्हणू शकत नाही" असंही ऐकायला मिळतं. अल्प उत्पन्न गटांच्या गृहकर्जांसाठी एक पतहमी निधी आहे, 2.0 मध्ये तो 1,000 कोटींवरून 3,000 कोटींवर नेण्यात आला. पण ती हमी कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देण्यासाठी आहे. तुमचं देणं त्याने कमी होत नाही आणि बँकेवर मंजुरीची सक्तीही येत नाही. फायदा एवढाच की पगारपत्रक नसलेल्या माणसाला, म्हणजे रिक्षाचालक, शिवणकाम करणारी बाई, डबेवाला यांना, कर्ज द्यायला वित्तसंस्था थोड्या अधिक तयार होतात. तिथे व्याजदर सरकारी बँकेपेक्षा बऱ्यापैकी जास्त असतो, हे लक्षात घेऊनच पुढे जावं.

हप्त्याचं गणित. दर 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर एक लाखाला 868 रुपये हप्ता पडतो. 25 लाखांना सुमारे 21,700. बँक बघते की तुमचे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या किती टक्के होतात. तुमच्या उत्पन्नाला साधारण 50 टक्के धरतात, म्हणजे 30 हजार. त्यातून दुचाकीचे साडेतीन हजार गेले, 26,500 उरले. त्यावर 30 लाखांपर्यंत पात्रता निघते. म्हणजे बँकेच्या बाजूने 25 लाखांना अडचण नाही.

इथेच माणसं घसरतात. पात्रता आहे, फक्त डाउन पेमेंट कमी पडतंय, मग तेवढ्यापुरतं पर्सनल लोन घेऊ. 3 लाख, 14 टक्के, 3 वर्षं: हप्ता 10,253. गृहकर्जासाठी उरले 16,247, आणि पात्रता 30 लाखांवरून पावणेएकोणीस लाखांवर आली. 3 लाख मिळवायला जवळपास 12 लाखांची पात्रता गेली! लपवताही येत नाही, मंजुरीआधी आणि कित्येकदा वाटपाआधी पुन्हा बँक क्रेडिट रिपोर्ट काढते. सोनेतारण कर्जही त्यात दिसतं. नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम दिसत नाही, पण ती फेडायची असेल तर तुमच्या महिन्याच्या हिशेबात ती हप्ताच आहे. त्यापेक्षा पीएफ बघा. घर घेण्यासाठी पीएफमधून अंशतः रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. निवृत्तीचा पैसा आहे, म्हणून सगळा उपसू नका, पण महागड्या कर्जापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

बँकेला झेपतं म्हणजे तुम्हाला झेपतं असं नाही, आणि तुमच्या बाबतीत खरा धोका ताबा मिळेपर्यंतच्या काळात आहे. बांधकाम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने रक्कम सोडते आणि सोडलेल्या रकमेवर व्याज घेते, ज्याला प्री-ईएमआय म्हणतात. 15 लाख सोडले गेले की महिना 10,625 नुसतं व्याज, आणि त्याच वेळी 12 हजार भाडं चालूच. दुचाकीचे साडेतीन हजार मिळवा, 26 हजारांच्या वर गेलं. टप्पे वाढतील तसं व्याजही वाढतं. ताबा वर्षभर लांबला तर हे ओझं वर्षभर लांबतं, मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही. बिल्डरने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदलेली पूर्णत्वाची तारीख आणि तिला मिळालेली मुदतवाढ दोन्ही दिसतात. तीच तारीख धरून, वर आणखी सहा महिने मिळवून हिशेब करा.

दुसरा धोका दरवाढीचा. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 झाला. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं त्याबरोबर वर गेली. तुमचा दर 8.5 वरून 10.5 झाला तर हप्ता 21,700 वरून सुमारे 25 हजारांवर जाईल. बँक पुष्कळदा हप्ता न वाढवता मुदत वाढवते आणि ते कळतही नाही. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी बँकेने दिली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. झेपत असेल तर हप्ता वाढवा. 30 वर्षांच्या मुदतीचं आमिषही याच कारणाने नको. 25 लाखांचा हप्ता अडीच हजारांनी कमी होतो, पण एकूण व्याज 27 लाखांवरून 44 लाखांवर जातं.

म्हणून माझा सल्ला असा. पुढचे बारा महिने भावी हप्ता आणि सध्याचं भाडं यांच्यातला फरक, म्हणजे साधारण 9,700 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला आरडीत टाका. एकही महिना न चुकता जमलं तर हप्ता तुम्हाला झेपतो, याचा याहून चांगला पुरावा नाही, आणि वर सव्वा लाखाच्या आसपास जमतील. कुठल्याच महिन्यात ओढाताण न होता जमलं पाहिजे. उसने घेऊन भरलेला महिना मोजू नका. दरम्यान दुचाकीचा हप्ता संपवा. दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जुन्या मोबाइल-हप्त्याची शे-पाचशेची थकबाकी कुठे पडून आहे का ते पाहा. मी अशा किरकोळ रकमेवर अडलेल्या मोठ्या फायली पाहिल्या आहेत, आणि नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

थांबायचं नसेल तर घर लहान करा. 22 लाखांच्या आसपास, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर शोधा. 90 टक्के कर्ज मिळालं तर 19 लाख 80 हजार, हप्ता सुमारे 17,200. स्वतःचा हिस्सा 2 लाख 20 हजार, पत्नीच्या नावे मुद्रांक शुल्क 1 लाख 32 हजार, नोंदणी 22 हजार, किरकोळ 50 हजार. सव्वाचार लाखांत व्यवहार होतो. थोडे पीएफमधून काढले तर आजही शक्य आहे. तयार घराला जीएसटी नाही आणि ताबा लगेच मिळाल्यामुळे भाडंही थांबतं. एवढ्यात महापालिका हद्दीत मिळणं कठीण आहे, हे मान्य. बाहेर जाणार असाल तर गाव योजनेच्या शहरी हद्दीत किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्रात येतं का हे आधी बँकेत विचारा. मुद्रांक शुल्काचा दरही हद्दीनुसार बदलतो.

पात्रतेतली एक अट फार बारकाईने तपासा: कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. वडिलांचं गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर ते आड येत नाही. पण वडील गेल्यावर वारसनोंद झाली असेल आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर तुमचंही नाव लागलं असेल, तर तो उतारा घेऊनच बँकेत जा आणि आधी विचारा. खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. उत्पन्नाचंही तसंच. कर्ज वाढावं म्हणून बँकेला ओव्हरटाइमसकट मोठा आकडा आणि योजनेला 9 लाखांच्या आतला आकडा, असं चालत नाही, फाइल एकच असते. म्हाडाच्या जाहिरातीतले उत्पन्न गट याच नावांचे असले तरी मर्यादा वेगळ्या आहेत. ते आकडे इथे लावू नका.

अनुदान चालू राहण्यासाठीही अट आहे. प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू असावं लागतं आणि मूळ मुद्दलापैकी निम्म्याहून जास्त बाकी असावं लागतं. 20 वर्षांच्या कर्जात हे आपोआप पाळलं जातं. पण कुणी 10 लाख 8 वर्षांत फेडायला घेतले, तर पाचव्या वर्षाअखेर बाकी निम्म्याखाली जाते आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता अडू शकतो. फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसल्याने फेड करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पहिली पाच वर्षं ती या मर्यादेकडे बघून करा.

बँकेत गेलात की मुख्य तथ्य विवरण मागून घ्या. सगळे शुल्क आणि खरा वार्षिक खर्च त्यात एका जागी असतो, आणि ते देणं बँकेला बंधनकारक आहे. त्यात विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळलेला दिसला तर थांबा. विमा घ्यावाच, पण साधा मुदत विमा बाहेरून घेतला तर बहुधा स्वस्त पडतो, आणि बँकेचाच विमा घेण्याची सक्ती नाही.

आणि टोकनची घाई करू नका. आधी पगारपत्रकं, फॉर्म 16 आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन दोन बँकांत जा, पात्रतेचं पत्र लेखी घ्या, मग बिल्डरकडे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बिल्डरला मनाई आहे, म्हणजे तुमच्याकडून 3 लाखांच्या वर नाही. टोकनच्या पावतीवर "कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य लिहून घ्या आणि पैसे चेकने किंवा खात्यातूनच द्या. वाक्य लिहायला बिल्डर तयार नसेल तर त्या दिवशी टोकन देऊ नका.